छातीतला आवाज

रंधा मारता मारता सुताराच्या छातीत कळ आली, तशी बायकोने त्याला तडक दवाखान्यात आणलं. तो घामाने निथळत होता. "पित्त असेल गं," एवढंच पुटपुटला.

डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला. ऐकता ऐकता बायकोकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "हो, आल्यात त्या, इथेच आहेत."

"कुणाशी बोलताय?" बायकोने घाबरून विचारलं. नवऱ्याचे ओठ तर घट्ट मिटलेले होते.

बाईंनी नर्सला हाक मारली.

तासभर सगळ्यांनी शर्थ केली. शेवटी यंत्रावरची रेघ सरळ झाली. तेव्हा पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाईंनी स्टेथोस्कोप पुन्हा त्याच्या छातीवर टेकवला आणि त्याच्या नळ्या बायकोच्या कानांना लावल्या.

आतून नवरा काकुळतीने म्हणत होता, "अगं, दार उघड ना."