करड्या पट्ट्यातला ठिपका

"तुमच्या नकाशात इथे टॉवरची रेंज आहे. आता माझा फोन काय म्हणतो ते ऐका," असं म्हणून नोलीनने भर सभेत फोन ब्रिस्बेनहून आलेल्या मोबाइल कंपनीच्या अधिकाऱ्याच्या कानाला लावला.

फोन काहीच म्हणाला नाही. हॉलमधले मेंढपाळ खदखदून हसले. रसेलही हसला. आपली बायको चारचौघांत एवढं बोलते, हे मात्र त्याला नवीन होतं.

अधिकाऱ्याने पुरावा मागितला. नोलीनने फोनवर ॲप घेतलं. आपण गाडी हाकायची, कुठल्या टॉवरची रेंज कुठवर पोचते ते ॲप टिपतं, आणि सगळ्यांच्या नोंदी मिळून खरा नकाशा होतो. रेंज असेल तिथे हिरवा, नसेल तिथे करडा. कुरणाच्या प्रत्येक फाटकावर, टपालपेटीपाशी थांबून ती नोंद घ्यायची. मध्ये कोणी फोन केला तर नोंद बिघडते, हे तिने नवऱ्याला बजावून ठेवलं होतं.

रसेल काळजीवाहू नवरा होता. नोलीन दूध आणायला गेली तरी तो चार फोन करायचा, परतल्यावर गाडीचे किलोमीटर बघायचा, आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायचा. आता त्या ॲपमुळे ती कुठे आहे ते दाखवणारा ठिपका त्याच्या फोनवर दिसत असल्यामुळे तो चावी सुखाने देई. कोरड्या नदीपाशी, जिथून हमरस्त्याला फाटा फुटतो, तिथल्या करड्या पट्ट्यात ठिपका नाहीसा व्हायचा, तेवढीच कटकट. टॉवर आला की तीही मिटणार होती. म्हणून तर तो तिला म्हणाला होता, लढ.

"आज शेवटचा पट्टा," गुरुवारी चावी घेताना नोलीन म्हणाली.

"जेवायच्या आत ये."

"मी कुठे आहे ते तुला दिसेलच की."

पंपाचा वॉशर आजच्या टपालाने यायचा होता, त्यामुळे रसेल व्हरांड्यातच बसून राहिला. ठिपका नदीपाशी नाहीसा झाला. त्याने चहा केला. मग आणखी एकदा केला. ठिपका काही उगवेना. बाईमाणसाला एवढी मोकळीक देऊन चूक झाली, असं त्याच्या मनात आलं.

अखेर पट्ट्याच्या अलीकडे ठिपका उगवला. एकेका फाटकावर थांबत, शहाण्यासारखा घराकडे येऊ लागला. रसेलला हायसं वाटलं आणि मग रागही आला. पुढच्या खेपेला चावी द्यायची नाही, हे त्याने ठरवून टाकलं.

लांबवर धूळ दिसली. तो तोंड आवळून फाटकात जाऊन उभा राहिला. काय बोलायचं ते मनात जुळवून तयार होतं. हातातल्या फोनवरचा ठिपका सरकत सरकत आला आणि नेमका त्याच्यासमोर थांबला.

टपालाच्या ट्रकमधून म्हातारा क्लेम उतरला. त्याने वॉशरचं पुडकं रसेलच्या हातात दिलं आणि त्यावर नोलीनचा फोन ठेवला.

"मोजणी संपली, असं सांग म्हणाली."