काचेवरचं गोणपाट

आठ दिवसांनी गच्चीवर चढलेल्या पितांबर गुरुजींनी आधी गुडघा चोळला, मग समोर पाहिलं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या लांबट काचेवर ओलं गोणपाट अंथरलेलं होतं. चारही कोपऱ्यांवर विटा.

मागून आलेली चारुलता थबकली. कोरीटच्या शाळेतल्या या यंत्राची शेवटची चाचणी घ्यायला ती कॉलेजातून आली होती. विहिरीत कापसावरच्या फवारणीचं विष उतरलं होतं. यंत्राने ते काढलं, तरच मुलांना शाळेत पाणी पिता येणार होतं. चाचणीसाठी विषाऐवजी तिने सकाळी खालच्या हौदात निळा रंग टाकला होता; यंत्राने तो घालवला, तर विषही घालवेल. नळाला तो जसाच्या तसा आला, धारही करंगळीएवढीच.

"चारपर्यंत रंग गेला नाही, तर यंत्र खोलून न्यावं लागेल, गुरुजी. दुसरं गाव वाट पाहतंय."

गोणपाट कोणी टाकलं, हे विचारायची गरज पडली नाही. शाळेची खिचडी शिजवणारी धनुबाई बादली घेऊन जिना चढत होती.

"आठ दिन व्हयनात, रोज दोन येळा वलं करस," ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. "पेवानं पानी उनमा कोन ठेवस, गुरुजी? पोरेसना तोंडले चटका बठी."

चारुलता काही बोलणार, तोच गुरुजींनी हात वर केला. त्यांनी धनुबाईला काचेजवळ बसवलं आणि गोणपाटाची कड उचलून आतला पांढरा पडदा दाखवला.

"हाऊ पडदा पानी गाळस. त्यावर पांढरी भुकटी लायेल शे. ऊन लागनं का ती जागी व्हस, जहर तोडी टाकस, पडदाले चिकटेल घाण बी. सावलीमा ती निजेल ऱ्हास. मंग पडदा तुंबस."

धनुबाईची नजर पडद्यावरून गोणपाटावर गेली.

"म्हनजे मीच बिघाडं."

"मन्हं चुकनं," गुरुजी म्हणाले. "साठ पोरेसले शिकाडं, आनि जी बाई रोज पानी सांभाळस, तिलेच सांगाले इसरनू."

धनुबाईने कोणाला हात लावू दिला नाही. विटा तिनेच उचलल्या, गोणपाट तिनेच ओढून काढलं, काच पदराने पुसली.

दोन वाजता रंग फिकटला. तीनला धार अंगठ्याएवढी झाली. साडेतीनला चारुलताने काचेच्या नळीत पाणी भरून आभाळासमोर धरलं. निळेपणाची पुसट झाक अजून होती.

"अर्धा तास आहे अजून," ती म्हणाली.

गुरुजींना राहवेना. ते वाकून काचेत डोकावले.

"गुरुजी," धनुबाई हळूच म्हणाली, "बाजूले सरका. तुमनी सावली पडी ऱ्हायनी."

गुरुजी दोन पावलं मागे झाले.