पाखऱ्याची बाजू

बापूजींनी पाय उचलला, स्टुलाच्या वर नेला आणि तिथंच थांबवला. मग जपून परत फरशीवर ठेवला.

"काय झालं?" त्यांच्या मुलानं, प्रफुल्लनं विचारलं.

"हे जू आहे."

प्रफुल्लनं तीनदा पॉलिश मारूनही लाकूड ओळखू आलं होतं. बैलाच्या मानेच्या दोन्ही अंगांना शिवळांच्या खुंट्या घालतात, ती दोन भोकं त्यानं मुद्दाम तशीच ठेवली होती. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस म्हणाला होता, जुन्या लाकडाच्या खुणा लपवू नका, मिरवा.

"आता ते स्टूल आहे, बापूजी."

"कधीपासून?"

"आठ दिवसांपासून."

"आन् त्याच्याआधी?"

त्याच्याआधी ते चाळीस वर्षं जू होतं, हे पांढुर्ण्याच्या कलेक्टर ऑफिसात फायली लावणाऱ्या प्रफुल्ललाही ठाऊक होतं. पण बैल विकल्यापासून ते गोठ्यात नुसतंच उभं होतं. मग नागपूरला बापूजींचा खुब्याचा सांधा बदलला, खाली झोपायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि घरातला दिवाण निघाला बापूजींच्या कमरेएवढा उंच. महिनाभर प्रफुल्ल आणि त्याची बायको सुचिता बापूजींना दोन बगलांत धरून, कापसाचं पोतं चढवावं तसं वर चढवत होते. चढताना बापूजी डोळे मिटून घेत. रात्री पुन्हा उतरवावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणंही त्यांनी सोडलं होतं.

म्हणून प्रफुल्लनं आरी मागवली, रंधा मागवला.

"शालिकराम सुतार दोन घंट्यात करून देते," सुचितानं तेव्हाच सांगितलं होतं.

"आपल्या हातानं करण्याचं समाधान वेगळं असते."

जुवाचा तुकडा लांबीत चिरायला त्याला चार दिवस लागले. समाधान सगळं उजव्या खांद्यात जाऊन साठलं. तीन दिवसांपासून तो डाव्या हातात चमचा धरून वरण-भात खात होता.

"पायपुसणं टाकू काय त्याच्यावर?" ती आता म्हणाली. "दिसणार नाही."

"महादेवाच्या पिंडीवर चादर टाकली म्हणजे पाय देता येते काय, बेटा?"

बापूजी काठी टेकत खुर्चीवर बसले. "आण ते इकडे."

सुचितानं स्टूल त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी एका भोकात बोट घातलं, मग खालून हात फिरवला.

"ही पाखऱ्याची बाजू."

"कशावरून?"

"हात लावून पाह्य ना."

प्रफुल्लनं डावा हात लावला. बैलाच्या खांद्यानं घासून घासून खाली लाकूड हातभर लांबीत खोलगट झालं होतं आणि गारगोटीसारखं गुळगुळीत. वरची बाजू तीन दिवस रंधा मारूनही त्याला तशी करता आली नव्हती.

बाहेर समोरच्या सुखदेवच्या अंगणात बैलांचे खांदे शेकणं सुरू झालं होतं. उद्या पोळा. वर्षभर ज्या खांद्यावर जू ठेवायचं, त्याला पोळ्याच्या आदल्या दिवशी गरम तूप-हळद लावायची आणि जेवणाचं आमंत्रण द्यायचं. सुखदेवचा आवाज इथवर येत होता, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!"

सुचितालाही आठवलं. ती आतून तूप-हळदीची कोमट वाटी आणि पळसाचं पान घेऊन आली. बैल गेल्यापासून या घरची हळद ट्रॅक्टरच्या बोनटला लागायची. ट्रॅक्टरनं आजवर त्याबद्दल बरंवाईट काही कळवलं नव्हतं.

बापूजींनी पान बुडवून आधी स्टुलाच्या खालच्या खोलगट जागेला लावलं. बोटं कपाळाला टेकवली. मग म्हणाले, "खांदा उघडा कर."

"माझा?"

"मंग काय ट्रॅक्टरचा?"

प्रफुल्ल खुर्चीशी पाठ करून खाली बसला आणि सदऱ्याची बटणं सोडली. खांदा सुजून चकचकत होता. बापूजींनी पान दाबलं.

"दुखून राहिलं काय?"

"नाही."

"तोही असंच म्हणे."

ते बराच वेळ शेकत राहिले. सुचिता भिंतीकडे पाहत हसू दाबत होती, मग तिचं हसू कुठं गेलं ते तिलाही कळलं नाही. शेवटी बापूजी हलक्या आवाजात, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या."

प्रफुल्लनं सदरा सारखा केला. रोजच्यासारखा बापूजींच्या बगलेत हात घालायला तो वाकला. "चला. आज आम्ही चढवतो. पुढच्या रविवारी दुसऱ्या लाकडाचं करतो."

"बाजूले हो."

"बापूजी..."

"खांदा शेकल्यावर जुपत नसतात. येवढंही माहीत नाही काय तुले?"

त्यांनी स्टूल दिवाणाशी ठेवायला लावलं. काठी रोवली. क्षणभर खाली पाहिलं. मग पाय ठेवला, दुसरा ठेवला, आणि डोळे उघडे ठेवून दिवाणावर जाऊन बसले.

खाली स्टूल एकदा डुगडुगलं आणि थांबलं.

"डुलून राहिलं रे हे."

"एक पाय आखूड झाला," प्रफुल्ल म्हणाला. "काढतो बरोबर."

"राहू दे. पाखऱ्याही थोडा लंगडाच होता. अकरा वर्षं वाह्यलं त्यानं." बापूजींनी उशी ओढून घेतली. "सुचिता, तांब्या भरून ठेव बेटा इथं. मोठा आण."