बंद गुत्त्यांची वाट

रंगूने भात चुलीवरून उतरवला आणि रोजच्यासारखी ती नवऱ्याला आणायला निघाली. शेजारची रोशनी हसली.

"काकी, मतदानात बाटली आडवी केलीस ती तूच. तिन्ही गुत्ते बंद होऊन वरीस झाला. आता काकाला कुठनं आनतेस गो?"

"तिथनंच."

बंद गुत्त्याच्या ओट्यावर लडकू एकटाच बसला होता, पूर्ण शुद्धीत. दारू सुटली तशी त्याची वाचाच बसली होती. घरात दिवसदिवस तोंडातून शब्द निघत नसे.

"उठा. रात करनार का इथंच?" रंगू जुन्याच रागाने म्हणाली.

वाटेला लागताच लडकू बोलू लागला. पूर्वीही तो तिच्याशी बोलायचा तो याच वाटेवर. चिंचेखालचा दुसरा गुत्ता आला. "हितं बुधू माझ्या खांद्यावर रडला, त्याच्या पोरीच्या लग्नात. आनि तू मला बैलासारखा ओढत नेलास."

"मग काय करनार? चालत कुठं होता तुमी?"

तो हसला. घराचं दार दिसलं आणि तो पुन्हा गप्प झाला. जेवणंही तशीच झाली.

ताटं उचलताना रंगू म्हणाली, "उद्या धरणाकडच्या गुत्त्यावर जाऊन बसा, तो लांब हाय. मी येते न्यायला."