राणीछाप रुपया

जळगावच्या नाणेपारख्यानं घरच्या चाळीस राणीछाप रुपयांतल्या एकाला 'उत्तम' शेरा दिला तेव्हाच झुलालभाऊंच्या मनात पाल चुकचुकली. इतका सढळ माणूस खरा कसा? म्हणून आठवड्यानं रुपयाचं पाकीट घेऊन ते धुळ्याच्या कडक पारख्याकडे गेले. त्याच्या बोटांवरची नजर भाऊंनी ढळू दिली नाही. पाकिटातून रुपया घरंगळला तो आरशासारखा चकचकीत! "घासलाय. निकृष्ट," भिंग ठेवत पारखी म्हणाला. भाऊ हादरले. शंभर वर्षांची काळसर झाक, तीच तर किंमत होती! म्हणजे जळगाववाल्यानं अस्सल ढापून भलताच हातात टेकवला. गावी, नरडाण्यापर्यंत एसटीत ते त्याला शिव्या घालत राहिले. घरी बायकोचे हात चिंचेनं माखले होते. "काळा रुपया लोकेस्ले काय दखाडाना? म्हनीसन काल चिंच लाईसन घसी टाका," ती हसली. "आज बाकीना बी बठ्ठा घसी टाकात!" परातीत एकोणचाळीस राणीछाप झळाळत होते.