कालचं पाणी

"सांगून कुणाला खरं वाटणार नाही," रिकामं जाळं टेकवत भागाजी म्हणाला. पाटावर बसलेले व्याही मासळीची वाट पाहत होते. "काल धरणात होडीएवढा कटला मासा लागला! पाण्याखालचं दाखवणाऱ्या सोनारयंत्राचा डावीकडचा पल्ला वाढवला, तरी त्याची सावली पडद्यावर मावेना. दिवसभर झुंजलो, शेवटी निसटला."

नव्या यंत्रात साठवलेलं कालचं पाणीही दिसायचं. भागाजीच्या बायकोनं, तुळसानं, बटण मागे फिरवलं.

"अहो, होडी तर काठालाच बांधलेली दिसतेय. पाण्यात दोन पाय लोंबताहेत."

"धूसर असेल. फ्रिक्वेन्सी चढव."

तिनं चढवली. चित्र लख्ख झालं.

"आता चिलापी मासळी तळवे कुरतडताना दिसतेय, तरी पाय हलत नाहीत," तुळसा व्याह्यांसमोरच म्हणाली. "झुंजत कसले होतात, घोरत होतात!"