पहिली फेरी

बाळाला घेऊन धावता येईल अशी तीनचाकी बाबागाडी निरंजनने लेक चार महिन्यांची असतानाच घेतली. दुकानदाराने बजावलं, "घाई नको. आठ महिन्यांची झाल्याशिवाय तिला घेऊन पळायचं नाही." पण सहाव्या महिन्यात बायको लेकीला घेऊन माहेरी गेली, ती गेलीच.

आता शर्वाणी दोन वर्षांची होती. कोर्टाने दिलेल्या पहिल्या रविवारी त्याने तिला तळ्याकाठी आणलं. चाकांतली हवा तपासली, तिचे पट्टे लावले, गाडीची दोरी स्वतःच्या मनगटात अडकवली आणि जपून पळू लागला.

शर्वाणी खिदळली. "काका, अजून जोरात!"

त्याचा पाय अडखळला. ती टाळ्या पिटत होती.

"काका जोरात नाही पळणार," तो कसाबसा म्हणाला. "पण अजून एक फेरी मारू."